बाईमाणसाचा नारळ

नारळ फुटल्याचा आवाज आमच्या घरात प्रत्येकाला ओळखता यायचा, आणि तो कोणी फोडला हेही बहुतेक वेळा सांगता यायचं. नाना, म्हणजे माझे वडील, एकाच घावात फोडायचे. शेजारच्या शेतातला गुलाबभाऊ दोन-तीनदा आपटायचा आणि मग नारळाला दोष द्यायचा. रस्त्याने जाणारे ट्रकवाले घाईत इतक्या जोराने आपटायचे की पाणी सगळं जमिनीला जायचं. त्या शनिवारी आम्ही जेवायला बसलो होतो. नाना पाटावर, मी त्यांच्या शेजारी, माय चुलीपुढे. गुलाबभाऊ सकाळीच शिरपूरच्या बाजाराला गेलेला मी पाहिला होता. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज नव्हता. आणि बाहेर नारळ फुटत होता. आपटल्याचा आवाज नव्हे. टक, टक, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा टक. पाथरवट टाकी लावतो तसा. नानांनी घास हातात धरला आणि विचारलं, "कोन फोडी ऱ्हायनं?"

आमचं घर गावात नव्हतं, मळ्यात होतं. पुढे बिजासन घाटाकडे जाणारा रस्ता, मागे केळीची बाग, आणि बागेच्या मागे, हवा स्वच्छ असली तर, सातपुड्याची निळी रेघ. घर आणि रस्ता यांच्यामध्ये विहीर, विहिरीवर इंजिन. इंजिनची फटफट आणि वाऱ्याने चिरफाळलेल्या केळीच्या पानांची सळसळ, या दोन आवाजांत मी वाढले. विहिरीच्या अलीकडे एक निंब, आणि निंबाखाली शेंदूर लावलेला एक दगड. तो मारुती. देऊळ नव्हतं, ओटाही दगडमातीचाच. पण शनिवारी बाजाराला पायी जाणाऱ्या बाया त्याला नारळ ठेवल्याशिवाय पुढे जात नसत.

ठेवत म्हणते, फोडत म्हणत नाही. आमच्याकडे बाईने नारळ फोडायचा नाही. का, ते मी मायला, आजीला आणि शाळेतल्या बाईंना विचारलं होतं. तिघींनी तीन कारणं सांगितली, त्यामुळे खरं कारण कोणालाच माहीत नाही असं मी समजून चालले होते. बरोबर पुरुषमाणूस असला तर तो फोडायचा. नसला तर बाई अख्खा नारळ ओट्यावर ठेवायची आणि घराकडे तोंड करून हाक मारायची, "नाना, फोडी द्या बरं!" नाना दुपारच्या आत सगळे फोडून ठेवायचे, आणि बाजारातून परतताना जी ती आपली वाटी प्रसाद म्हणून घरी न्यायची. नवरा वारलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, नवरा गुत्त्यावर पडलेला असलेल्या, अशा सगळ्या बायांचे नारळ आमच्या नानांच्या हातून फुटत. नानांना त्याचा अभिमान होता. ते कधी बोलले नाहीत, पण शनिवारी ते धोतर स्वच्छ नेसत, त्यावरून कळायचं.

तर आम्ही बाहेर आलो. ओट्यावर एक लाल तोंडाचं माकड बसलेलं होतं. निंबावर आणखी होती, पण ती वरच होती. आमच्या भागात काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं बागेत नेहमी यायची, त्यांना आम्ही गोफणीने हाकलायचो. ही लाल तोंडाची घाटात असत, ट्रकवाले टाकतात ते खाऊन राहत. खाली आमच्याकडे मी ती त्याआधी पाहिली नव्हती. त्या माकडाने नारळ ओट्याच्या खळग्यात असा बसवला होता की तो घरंगळू नये. शेंडीकडची बाजू वर. दोन्ही हातांत एक गोटा धरून ते डोळ्यांच्या जागी ठोकत होतं. चार-पाच ठोके, मग नारळ उचलून कानाशी नेल्यासारखं करायचं, फिरवायचं, पुन्हा बसवायचं. शेवटी डोळ्यांकडचा भाग आत चेपला. त्याने बोट घातलं, पाणी चाटलं, खोबरं उपसलं, आणि उरलेला नारळ तिथेच टाकून दुसरा घेतला.

नाना ओट्यापासून दहा-बारा हातांवर उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि हात जोडले. मी मात्र त्याच क्षणी मनात म्हटलं, हे याला कोणीतरी शिकवलेलं आहे. मी तेव्हा दहावीत होते. लोक म्हणत मी बापावर गेले नाही, मायवर गेले, आणि ते खरं आहे. माय दूध घेतानाही आधी माप उलटं करून बघायची.

दुपारी बाया परतल्या आणि त्यांना कळलं की आज आपला नारळ नानांनी फोडलेला नाही. पुढच्या शनिवारी बाया जास्त होत्या. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी. किती, ते लिहीत नाही. मी तेव्हा मोजल्या होत्या, पण आकडा आता आठवत नाही, आणि अंदाजाचा आकडा कागदावर उतरवायचा नाही ही माझी सवय आहे. बोलणं एकच होतं: ज्या बाईला माणूस नाही, तिचा नारळ मारुती सोता फोडस. दूरदूरच्या गावांहून अशा बाया येऊ लागल्या की ज्यांनी आजवर कोणाला 'माझा नारळ फोडून दे' म्हणायची लाज बाळगली होती. त्या ओट्यापासून लांब बसून राहत, आणि आपला नारळ माकडाने उचलला की तोंडाला पदर लावत. हे पाहून मलाही काहीतरी व्हायचं. पण काहीतरी होणं वेगळं आणि खात्री होणं वेगळं.

मायला पहिली गोष्ट दिसली ती माझ्याही नजरेतून सुटली होती. अशाच एका शनिवारी रात्री वांग्याचं भरीत होतं. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास अजून घरात भरून होता आणि माय कळण्याच्या भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकता टाकता ती म्हणाली, "तो मारुती नही. हाई ते बाई शे. अंगावर पाजेल शे तिनी. पिलू शे मांगे तिना."

नाना म्हणाले, "देवले काय बाई नि काय माणूस?"

"मंग मना हातना नारळ देवले काब्र चालत नही?"

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, खाल्ला. मग आणखी एक. माय पुढची भाकरी थापू लागली, पण थापण्याचा आवाज जरा मोठा झाला होता.

गुलाबभाऊ आता रोज संध्याकाळी येऊन बसायचा. त्याचं शेत आमच्या मागे. त्याला रस्त्यावर यायला नाल्याकडून मोठा वळसा पडायचा, पावसाळ्यात तर त्याचा केळीचा माल अडकून राहायचा. आमच्या बांधावरून वाट द्या म्हणून त्याने नानांना पूर्वी विचारलं होतं, आणि वाट विहिरीला लागून जाते म्हणून नानांनी नाही म्हटलं होतं. आता तो वाटेचं काही बोलत नव्हता. देवळाचं बोलत होता. निंबापासून विहिरीपर्यंतचा कोपरा देवाला द्यायचा, चांगलं देऊळ बांधायचं, बायांना बसायला मंडप, हातपाय धुवायला विहिरीचं पाणी.

"आनि मनी बाग?" नानांनी एकदा विचारलं.

"नाना, देव सोता चालीसन वना, आनि तुम्ही विहीर धरीसन बठनात?" गुलाबभाऊ म्हणाला. "लोके काय म्हनतीन?"

आमच्याकडे दुसरं पाणी नव्हतं. केळीला दोन पाळ्या चुकल्या की घड वाढत नाही, हे गुलाबभाऊलाही माहीत होतं. पण विहीर देवाची झाली की तिच्यावर इंजिन लावून कोण बसू देणार? नाना भोळे होते असं मी म्हणणार नाही. ते शब्दाला भ्यायचे. लोकांसमोर एकदा 'दिलं' म्हणून गेले की मग जीव गेला तरी शब्द फिरवला नसता. आणि तो शब्द येत्या शनिवारी द्यायचं ठरलं होतं.

माय मला गोठ्यात घेऊन गेली. "सुमन, तुले गणित येस ना? मंग त्या वांदरवर ध्यान ठेव. त्यानी आनेल शे ती. मनं मन सांगस." 'त्यानी' म्हणजे कोणी, हे विचारायची गरज नव्हती.

ती टोळी आता शनिवारखेरीजही निंबावर असायची, कारण ओट्यावर रोज एखादा नारळ पडलेलाच असे. मी शाळेतून आले की गोठ्याच्या कुडामागे बसायचे. तीन गोष्टी पाहिल्या, त्या सांगते. एक, त्या माकडिणीच्या कमरेभोवती केस नव्हते. करदोडा घट्ट बांधून वर्षानुवर्षं ठेवावा तसा गोल पट्टा, कातडी चकचकीत. दोन, ती कधीकधी दोन पायांवर सरळ उभी राहायची, आणि टोळीतलं दुसरं कोणी तसं इतका वेळ उभं राहत नव्हतं. तीन, तिचं पिल्लू. ती ठोकत असली की ते शेजारी बसून पाहायचं, आणि एकदा त्याने मातीचं ढेकूळ उचलून एका रिकाम्या करवंटीवर मारलं. ढेकूळ फुटलं. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं, खाली सांडलेल्या मातीकडे पाहिलं, आणि दुसरं ढेकूळ घेतलं. मला हसू आलं. पहिल्या दोन गोष्टी मी धावत जाऊन मायला सांगितल्या. तिसरी सांगितली नाही. ती मला पुराव्यातली वाटली नाही.

शुक्रवारी गुलाबभाऊने कोपरा आखला. फक्कीची पांढरी रेघ रस्त्यापासून निघाली, निंबाला वळसा घालून विहिरीला आत घेऊन गेली, आणि तिथे न थांबता आमच्या बांधाच्या कडेने सरळ त्याच्या शेताच्या तोंडापर्यंत गेली. नाना बागेत होते. मी रेघांमधलं अंतर पावलांनी मोजलं. बैलगाडी जाऊन शिवाय माणूस बाजूने चालू शकेल एवढी रुंद वाट होती. देवाला जायला बैलगाडी लागत नाही. मी नानांना बागेतून बोलावून आणलं आणि दाखवलं. ते रेघ पाहत विहिरीपर्यंत चालत गेले. "त्याना बी फायदा व्हयी ते व्हऊ दे," म्हणाले. "देव खरा शे ना?"

म्हणजे प्रश्न तेवढाच उरला होता.

आम्ही लहानपणी करवंट्यांचं डमरू करायचो. दोन करवंट्या पाठीला पाठ लावून बांधायच्या, तोंडांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर ताणून घ्यायचं, आणि मध्ये दोरीला खडे. करवंट्यांना तोटा नव्हता. ओट्याभोवती तिने फोडलेल्या, डोळ्यांकडून चेपलेल्या करवंट्यांचा ढीग होता. त्यातल्या जरा बऱ्या राहिलेल्या दोन मी निवडल्या. मायने दोरी वळून दिली. गाठ तिने दोनदा ओढून पाहिली.

शनिवारी सकाळी ओट्यापुढे बाया, रस्त्याच्या कडेला पुरुष, आणि रेघेच्या आत नाना, हात जोडून. गुलाबभाऊ त्यांच्या शेजारी. माकडीण ओट्यावर बसून एका म्हातारीचा नारळ फोडत होती आणि म्हातारी डोळे मिटून बसली होती. नारळ फुटला की नाना शब्द देणार होते. मी गोठ्याच्या दारात आले आणि डमरू वाजवलं. रस्त्यावरच्या मदाऱ्याचा ठेका सगळ्या पोरांना पाठ असतो. डुगडुग, डुगडुग, डुग.

तिच्या हातातला दगड पडला. ती दोन पायांवर उभी राहिली, उजवा हात कपाळाला लावून सलाम केला, डावीकडे वळून सलाम केला, कोलांटी मारली. मग ओट्यावरून उतरली आणि हात पुढे करून बायांच्या रांगेपुढून चालू लागली. प्रत्येकीपुढे थांबायची, हात पसरायची, पुढे जायची. पुरुषांत कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. मी वाजवायची थांबले तरी ती थांबली नाही. रांग संपेपर्यंत गेली, शेवटी नानांपुढे आली, आणि हात पसरून उभी राहिली. त्या उघड्या हाताला नारळाचा चुरा लागलेला होता.

नाना हसले नाहीत. म्हणाले, "येले कोनी ते मारीमारीसन शिकाडेल शे." मग गुलाबभाऊकडे वळले. "गुलाब, हाई वांदर तू लई वना का?"

"मना आंडोरनी आन, नाना. माले काहीच माहीत नही." गुलाबभाऊने पोराची शपथ घेतली.

"खोटी आन खावाले काय लागस?" माय दारातून म्हणाली. लोकांसमोर ती नानांच्या आधी कधी बोलली नव्हती.

त्या म्हातारीने डोळे उघडले, पुढे जाऊन आपला अर्धा चेपलेला नारळ उचलला, पदराखाली घेतला आणि बाजाराच्या रस्त्याला लागली. तिच्यामागे बाकीच्या. नानांनी जोडलेले हात सोडले आणि पायाने फक्कीची रेघ पुसायला सुरुवात केली, विहिरीकडून. विहीर राहिली. माकडीण पिल्लाला पोटाशी घेऊन निंबावर चढली आणि टोळी त्याच दुपारी डोंगराच्या दिशेने गेली.

गोष्ट इथे संपली असती तर मला लिहायची गरज नव्हती. काही दिवसांनी मी आणि माय शिरपूरच्या बसस्टँडवर बसची वाट पाहत होतो. तिथे एक मदारी खेळ आटपून बिडी ओढत बसला होता, माकड शेजारी बांधलेलं. मी त्याला विचारलं, तुम्ही माकडाला दगडाने नारळ फोडायला शिकवता का? त्याने माझ्याकडे आणि मग मायकडे पाहिलं, ही पोरगी शुद्धीवर आहे ना अशा नजरेने. "बेटी, पत्थर उसके हाथ में दूँगा? पहले मेरा ही सिर फोड़ेगी!" म्हणाला आणि खो खो हसला. माय हसली. मला हसू आलं नाही. मला ते ढेकूळ आठवलं.

सलाम शिकवलेला होता, हे मी सिद्ध केलं. कमरेचा पट्टा दोरीचा होता, हेही. ती कुठून तरी सुटून टोळीत मिसळली असणार. पण दगड? दगड तिला कोणी दिला नव्हता. आणि त्या पिल्लाने तर दोरी पाहिलीच नव्हती. ते रानातलंच होतं, आणि ढेकूळ फुटतं, दगड फुटत नाही, हा हिशेब ते माझ्या डोळ्यांदेखत करत होतं. सगळ्या लोकांसमोर मी ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तो प्रश्न नारळाचा नव्हताच. आता धुळ्याला घरी बसल्या बसल्या माझा मुलगा फोनवर दाखवतो: कुठल्याशा बेटावरची माकडं दगडांनी शिंपले फोडताहेत, कावळा तार वाकवतोय. आजकाल चित्रं यंत्रावरही तयार होतात, तेव्हा मी आधी विचारते की हे कोणी काढलं, कुठे काढलं. मग फोन डोळ्यांजवळ नेऊन माकडाची कंबर बघते. पट्टा नसतो. मुलगा म्हणतो, आई, तुझा कशावर तरी विश्वास बसेल का? बसेल, पण बघून. गुलाबभाऊवर माझा अजूनही बसलेला नाही. तो म्हातारा झाला, अजून नाल्याच्या वळशानेच जातो, आणि भेटला की आण घेतल्यासारखाच हसतो.

त्या शनिवारनंतर बाया येईनाशा झाल्या. काहींना लाज वाटली असेल, काहींना राग आला असेल. नाना शनिवारी साधं धोतर नेसू लागले. मग एका शनिवारी माय स्वतः ओट्यावर एक अख्खा नारळ ठेवून आली. नाना उठले, "मी फोडी देस." माय म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. ती येस अजून कव्हय कव्हय. भुकी ऱ्हायी." नाना बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मला बऱ्याच दिवसांनी बरं वाटल्यासारखं दिसलं. दुपारी ते पडवीत आडवे झाले होते, मी आत अभ्यास करत होते, आणि बाहेर टक आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक. नाना डोळे न उघडता म्हणाले, "दख, वनी ती."

मी बाहेर गेले नाही. पण संध्याकाळी ओट्यावर जाऊन पाहिलं. त्या माकडिणीचे नारळ डोळ्यांकडून चेपलेले असायचे, कडा कुरतडल्यासारख्या. हा मधोमध फुटला होता, कडा सरळ, दोन्ही वाट्या सारख्या, आतलं खोबरं काढून नेलेलं. निंबाखालच्या ओल्या मातीत माकडाच्या पावलाची एकही खूण नव्हती. घरी आले तर माय चुलीपुढे बसून खोबऱ्याचे काप करत होती. तिच्या उजव्या हाताच्या एका बोटाची कातडी सोललेली होती आणि त्यावर तिने हळद दाबली होती.

"माय, नारळ कोनी फोडा?"

"वांदरनी फोडा," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, आणि ताटलीतला एक काप उचलून माझ्या हातावर ठेवला. "जाय, नानाले परसाद दी ये."

मी नेऊन दिला. नानांनी तो कपाळाला लावला, वाटी कुठे आहे म्हणून विचारलं, आणि मी ती आणून दाखवली तेव्हा तिच्या सरळ कडेवरून अंगठा फिरवत बराच वेळ बसून राहिले. मग काप तोंडात टाकला, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "आज चांगला फोडा तिनी."